टायटॅनियम, स्टील की प्लॅस्टिक: धावण्याच्या घड्याळाची केस आणि जीपीएसची अचूकता

पावसाळा उतरणीला लागला की पुण्यातल्या धावणाऱ्यांच्या गटांमध्ये जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू होते आणि तयारीबरोबर नव्या घड्याळांची चर्चाही सुरू होते. आमच्या गटातली एक मुलगी यंदा पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉन धावणार आहे. एका रविवारी लाँग रन संपवून आम्ही चहा घेत असताना तिने मला विचारले, "ताई, टायटॅनियमचं घेऊ की साधं प्लॅस्टिकचं? दुकानात सांगत होते की स्टीलमध्ये सिग्नल अडतो आणि टायटॅनियममधून आरपार जातो, म्हणून त्याचं जीपीएस जास्त अचूक असतं." दोन घड्याळांच्या किमतींत तिच्या जवळपास महिनाभराच्या पगाराएवढे अंतर होते. मी बरीच वर्षे अँटेनांच्या मोजमापाच्या कामात आहे आणि त्याहून थोडी कमी वर्षे धावते आहे, त्यामुळे चहाचा कप हातात असेपर्यंत जेवढे सांगता आले तेवढे मी तिला सांगितले. तेच येथे सविस्तर लिहीत आहे, कारण हा समज तिच्यापुरता मर्यादित नाही.

प्रथम घड्याळापर्यंत काय पोहोचते ते पाहावे लागेल. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि त्यांचा नागरी वापराचा मुख्य संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झ या कंप्रतेवर, म्हणजे फ्रीक्वेन्सीवर, येतो. या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभर. एवढे अंतर कापून ती जमिनीवर येते तेव्हा तिची शक्ती एका वॅटच्या एक कोटीव्या भागाचाही पुन्हा एक अब्जावा भाग, इतकीच उरलेली असते. अशा क्षीण लहरी किमान चार उपग्रहांकडून मिळवायच्या, त्या प्रत्येकीला यायला किती वेळ लागला ते मोजायचे आणि त्यावरून आपली जागा काढायची, हे काम मनगटावरच्या त्या इवल्याशा वस्तूला करावे लागते. वेळेच्या मोजणीत एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३० सेंटिमीटरची चूक होते. अचूकतेची कसोटी किती कठोर आहे हे त्यावरून लक्षात यावे.

आता धातूंकडे वळू. रेडिओलहर धातूवर आदळते तेव्हा तिचा बहुतेक भाग परत फिरतो आणि जो आत शिरतो तो पृष्ठभागाजवळच्या अत्यंत पातळ थरात विरून जातो. या थराची जाडी धातूच्या विद्युतवाहकतेवर आणि लहरीच्या कंप्रतेवर अवलंबून असते. जीपीएसच्या कंप्रतेला ॲल्युमिनियममध्ये ती दोन ते अडीच मायक्रॉन येते, घड्याळांसाठी वापरल्या जाणाऱ्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे अकरा मायक्रॉन आणि टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूमध्ये सुमारे सोळा मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. दुकानात ऐकलेल्या गोष्टीत सत्याचा एक कण आहे असे मला वाटते, तो येथे आहे. टायटॅनियमची वाहकता स्टीलपेक्षा कमी आहे आणि त्यामुळे लहर त्यात थोडी अधिक खोल जाते, हे खरेच आहे. पण खोल म्हणजे किती, हे त्या गोष्टीत सांगितलेले नसते. अशा प्रत्येक थरागणिक लहरीचा जोर जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतो आणि एक मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियमच्या भिंतीत असे साठ थर मावतात, तर स्टीलच्या भिंतीत नव्वद. साठ वेळा तिसरा हिस्सा घेतल्यावर जे उरते त्याला शून्य म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, आणि नव्वद वेळा घेतल्यावर जे उरते तेही शून्यच. भिंत म्हणून हे दोन्ही धातू सारखेच बंद आहेत, आणि ॲल्युमिनियमही त्यांच्याच पंगतीत बसते. सिग्नल आरपार जाऊ देणारा धातू घड्याळाच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या आवरणात, वापरलेला नाही.

तरीही धातूची घड्याळे उत्तम चालतात, मग सिग्नल आत येतो कोठून? येथून पुढचा भाग मला स्वतःला फार आवडतो, कारण अँटेनाच्या कामातले सगळे कौशल्य येथे एकवटलेले आहे.

धातूच्या डब्यात लहर शिरते ती फटीतून, आणि फटीच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या सहज समजुतीच्या उलट आहे. फट किती रुंद आहे याला फारसे महत्त्व नसते, ती किती लांब आहे याला असते. लहरीच्या अर्ध्या लांबीएवढी फट असेल तर ती मिलिमीटरभर रुंद असूनही स्वतःच अँटेनासारखी वागू लागते. गोल घड्याळाचा पडदा आणि त्याभोवतीचे धातूचे कडे, म्हणजे बेझल, यांच्यामध्ये अशी फट आपोआपच असते. घड्याळाचा व्यास ४६ मिलिमीटर धरला तर त्याचा परीघ सुमारे १४५ मिलिमीटर होतो आणि जीपीएसची लहर १९० मिलिमीटर लांब असते. भोवतीचे प्लॅस्टिक आणि काच यांच्यामुळे लहरीची लांबी त्या जागी आणखी आखडते, त्यामुळे त्या कड्याचा परीघ आणि लहर यांचे माप एकमेकांच्या बरेच जवळ येते. हा योगायोग अभियंत्यांनी ओळखला. कड्याला योग्य जागी जोडणी दिली आणि योग्य जागी ते जमिनीशी, म्हणजे विद्युतमंडळाच्या शून्य पातळीशी बांधले, की जे कडे अडथळा ठरले असते तेच अँटेना होते. गार्मिनने २०१५ साली आणलेल्या फेनिक्स ३ या घड्याळात हेच केले होते आणि बेझलच्या त्या स्टीलच्या अँटेनाला 'एक्सो' असे नावही दिले होते. त्याआधी २०१० साली आयफोन ४ मध्ये फोनच्या कडेची स्टीलची पट्टी अँटेना म्हणून वापरली गेली होती. हाताचे बोट तिच्यातल्या फटीवर नेमके पडले की सिग्नल कसा घसरतो, याची चर्चा तेव्हा जगभर झाली. धातूला अँटेना करणे शक्य आहे, पण त्याला शरीराचा स्पर्श कोठे होणार याचा विचार आधी करावा लागतो, हा धडा त्यातून सगळ्या उद्योगाने घेतला.

कडेच जर अँटेना असेल तर मात्र धातूच्या वाहकतेला थोडे महत्त्व येते, कारण आता त्यातून विजेचा प्रवाह वाहायचा असतो. तांब्याच्या तुलनेत स्टेनलेस स्टीलचा विरोध चाळीसपट आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सुमारे शंभरपट असतो. म्हणजे या एका निकषावर टायटॅनियम स्टीलच्या मागे पडते, दुकानातल्या सांगण्याच्या नेमके उलट. पण कड्याचा पृष्ठभाग ऐसपैस असल्यामुळे प्रवाह पसरून वाहतो आणि प्रत्यक्षातली हानी अल्प राहते. शिवाय जेथे ती खुपते तेथे आतल्या बाजूला तांब्याची पट्टी देऊन तिला वळसा घालता येतो. एकूण हिशेबात हा फरक धावणाऱ्याच्या नकाशावर दिसण्याइतका नसतो.

मग टायटॅनियमच्या घड्याळांनी नोंदवलेली वाट नकाशावर अधिक सरळ उमटते, असे अनेकांना खरोखरच का दिसले? त्यांना झालेला भास खोटा नव्हता, त्याचे कारण मात्र वेगळे होते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा हाच आहे. २०२२ च्या सुरुवातीला फेनिक्स ७ मालिका आली तेव्हा तिच्या साध्या आणि सोलर आवृत्त्यांना स्टीलचे बेझल होते आणि सॅफायर सोलर आवृत्तीला टायटॅनियमचे. पण फरक बेझलपुरता नव्हता. दोन कंप्रतांवर एकाच वेळी उपग्रहांचे ऐकणारा संग्राहक, ज्याला कंपन्या मल्टी-बँड किंवा ड्युअल फ्रीक्वेन्सी म्हणतात, तो फक्त सॅफायर आवृत्तीत दिलेला होता. ज्यांनी दोन्ही घड्याळे मनगटांवर बांधून तुलना केली त्यांना टायटॅनियमचे घड्याळ सरस दिसले आणि श्रेय धातूला मिळाले. पुढच्या वर्षी फेनिक्स ७ प्रो आले आणि त्यात स्टीलच्या आवृत्तीलाही तोच मल्टी-बँड संग्राहक मिळाला, पण तोपर्यंत समज रुजलेला होता. त्याच कंपनीच्या फोररनर ९५५ चे बेझल तंतूमिश्रित पॉलिमरचे, म्हणजे आपण ज्याला सरसकट प्लॅस्टिक म्हणतो त्याचे आहे, आणि त्यानंतर आलेल्या फोररनर ९६५ चे टायटॅनियमचे. मल्टी-बँड दोघांतही आहे. धातूचा परिणाम वेगळा काढून पाहायचा असेल तर ही जोडी पाहावी, फेनिक्सची पहिली जोडी पाहू नये. धावण्याच्या बाहेरही आपण किती वेळा अशी गल्लत करतो: महाग वस्तूत दोन गोष्टी एकदम बदलतात आणि डोळ्यांना जी दिसते तिच्यावर आपण गुण जमा करतो.

प्लॅस्टिकच्या केसबद्दल सांगायचे तर अँटेना बसवणाऱ्याच्या दृष्टीने ती सर्वांत सोयीची. पॉलिमर विद्युतवाहक नसतो, लहर त्यातून जवळजवळ बिनहानी जाते, आणि अनेक घड्याळांत केसच्या आतल्या बाजूलाच लेझरने खुणा करून त्यांवर तांब्याचा थर चढवतात व तोच अँटेना होतो. फक्त तंतू काचेचे आहेत की कार्बनचे हे पाहावे लागते. काचतंतू निरुपद्रवी आहेत, पण कार्बनतंतू वीज वाहतात. कार्बन फायबरची केस दिसायला प्लॅस्टिकसारखी आणि वजनाला हलकी असली तरी रेडिओलहरीच्या दृष्टीने ती धातूच्या बाजूला झुकते, आणि तिच्यातही धातूसारखीच फटीची नाहीतर खिडकीची सोय करावी लागते. हलक्या म्हणून कार्बनच्या मागे लागणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

सिरॅमिक आणि सॅफायरची काच यांच्याविषयी थोडक्यात. दोन्ही विद्युतरोधक आहेत आणि दोन्हींतून लहर जाते. झिर्कोनियाच्या सिरॅमिकमध्ये लहरीची लांबी बरीच आखडत असल्याने अँटेनाचा सूर, म्हणजे ती जी कंप्रता सर्वांत चांगली ऐकते तो मेळ, बिघडू शकतो, पण कारखान्यात अँटेना केससकटच सुरात लावली जाते, त्यामुळे खरेदी करणाऱ्याने त्याची चिंता करण्याचे कारण नाही. ॲपलने २०१८ साली वॉच सिरीज ४ ची संपूर्ण पाठ काळे सिरॅमिक आणि सॅफायर यांची केली, ती रेडिओलहरींना दोन्ही बाजूंनी वाट मिळावी म्हणूनच. सॅफायरच्या काचेमुळे जीपीएस सुधारते किंवा बिघडते असे कोणी म्हणाले तर दोन्ही विधाने सोडून द्यावीत, कारण काचेच्या खालीच पडदा आणि त्याचे वाहक थर असतात आणि घड्याळाच्या मध्यभागातून तसेही फारसे काही आत येत नाही. जे येते ते कडेने येते.

केसच्या धातूवर आपण इतका वेळ बोलतो, पण घड्याळाच्या खाली असलेल्या वस्तूचा उल्लेख कोणीच करत नाही. ती वस्तू म्हणजे आपले मनगट. रक्त, स्नायू आणि त्यांतले खारे पाणी या कंप्रतेच्या लहरी चांगल्याच शोषून घेतात. मोकळ्या हवेत ठेवलेल्या अँटेनाची कार्यक्षमता मनगटावर बांधताच उतरते, मग केस कशाचीही असो. त्यात धावताना हात कोपरातून वाकलेला असतो आणि अंगठा वर असतो, त्यामुळे घड्याळाचे तोंड आकाशाकडे नसून बाहेरच्या बाजूला असते. त्या स्थितीत आकाशाकडे काय वळते? तबकडीची सहाच्या आकड्याची कड. २०१२ सालच्या सुंटो अँबिट या घड्याळात खालच्या बाजूला, पट्ट्याच्या मुळाशी एक ठळक फुगवटा होता आणि जीपीएसची अँटेना त्यात बसवलेली होती. तो फुगवटा अनेकांना बेढब वाटला आणि पुढच्या काळात फॅशनपुढे तो टिकला नाही, पण धावणाऱ्याच्या हाताची ठेवण पाहून अँटेनाची जागा ठरवणारी ती रचना होती आणि मला तिच्याविषयी आजही आदर वाटतो. अँटेना केसच्या कोणत्या बाजूला आहे आणि तिच्याभोवती मोकळी जागा किती आहे, याचा परिणाम बेझल स्टीलचे की टायटॅनियमचे यापेक्षा कितीतरी अधिक होतो. दुर्दैवाने ही माहिती खोक्यावर छापलेली नसते.

समजा अँटेना थोडी कमकुवत आहे आणि तिच्यामुळे सिग्नलची अर्धी शक्ती वाया जाते. मोकळ्या माळावर याचा परिणाम जवळपास जाणवणार नाही, कारण तेथे डोक्यावर भरपूर उपग्रह असतात आणि संग्राहकापाशी राखीव ताकद असते. परिणाम जाणवतो तो जेथे सिग्नल आधीच मार खाऊन येतो तेथे. क्षितिजाजवळचे उपग्रह आधी गळतात, उरलेले आकाशाच्या एकाच भागात दाटीने असतात, आणि जागा ठरवण्याची भूमिती बिघडते. म्हणून केसच्या रचनेचा प्रश्न अवघड जागी धावणाऱ्यांसाठी खरा आहे, आणि आपल्याकडे अवघड जागांची वाण नाही.

मुंबई मॅरेथॉन धावलेल्या बहुतेकांना पेडर रोडचा चढ आठवत असेल. दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि मध्ये आकाशाची एक पट्टी, अशा रस्त्यावर उपग्रहाची लहर थेट येण्याऐवजी समोरच्या भिंतीवर आपटून, वीस-तीस मीटर अधिक चालून येते, आणि घड्याळ तेवढे अंतर खरे मानते. त्याच घड्याळाची वाट वांद्रे-वरळी सागरी सेतूवर रेघेसारखी सरळ उमटते आणि पेडर रोडवर इमारतींच्या आतून गेल्यासारखी दिसते. घड्याळ तेच असते, केस तीच असते आणि मनगटही तेच असते. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात एका बाजूला डोंगराची भिंत असते, त्यामुळे आकाशाचा जवळपास अर्धा भाग झाकला जातो, आणि वळणे इतकी अरुंद असतात की नोंद दर सेकंदाला ठेवलेली नसेल तर घड्याळ वळण कापून सरळ पुढे जाते. पावसाबद्दलही एक गैरसमज आहे. ढग आणि पावसाच्या धारा या कंप्रतेच्या लहरीला जवळपास अडवत नाहीत. अडवतात ती भिजलेली झाडे. पावसाळ्यात वेताळ टेकडीवर गर्द झाडीखाली वाट वेडीवाकडी येते आणि उन्हाळ्यात, पाने झडल्यावर, त्याच वाटेवर तीच सुधारते, कारण पानांवरचे आणि पानांतले पाणी लहर शोषून घेते.

दोन कंप्रतांच्या संग्राहकाचे महत्त्व येथे कळते. १५७५.४२ मेगाहर्ट्झवरच्या जुन्या एल-१ संदेशातल्या सांकेतिक खुणेची लांबी अंतरात मोजली तर सुमारे २९३ मीटर भरते, आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झवरच्या एल-५ संदेशात ती त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी, सुमारे २९ मीटर असते. थेट आलेली लहर आणि भिंतीवर आपटून तीस मीटर उशिरा आलेली लहर या दोन्ही पहिल्या मापात एकमेकींत मिसळून जातात, दुसऱ्या मापात मात्र त्या वेगळ्या ओळखता येतात. जाड टाकाने काढलेल्या रेघेची कड आणि बारीक निबाने काढलेल्या रेघेची कड यांच्यात जो फरक असतो, तसाच हा आहे. आपल्या इस्रोची 'नाविक' ही जीपीएससारखी उपग्रहप्रणालीदेखील याच एल-५ कंप्रतेवर संदेश पाठवते, आणि २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून तिने एल-१ वरही संदेश द्यायला सुरुवात केली, हे येथे जाता जाता आनंदाने नोंदवते. उंच इमारतींच्या गल्लीत किंवा घाटात धावणाऱ्याने पैसे खर्च करायचे असतील तर ते दुसऱ्या कंप्रतेसाठी करावेत. त्याची किंमत बॅटरी थोडी लवकर संपण्यात मोजावी लागते, पण मॅरेथॉनच्या चार-पाच तासांसाठी ती कोणत्याही आधुनिक घड्याळाला परवडते. आणि त्यासाठी धातूच घ्यावा लागतो असेही नाही: २०२३ सालचे कोरोस पेस ३ पॉलिमरचे आहे, नायलॉनच्या पट्ट्यासह त्याचे वजन ३० ग्रॅम आहे, आणि त्यात दोन्ही कंप्रता आहेत.

घड्याळाला दोष देण्याआधी शर्यतीचे अंतर कसे मोजतात तेही माहीत असावे. प्रमाणित मार्ग मोजमाप लावलेल्या सायकलने, वळणांच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून, शक्य तितक्या आखूड वाटेने मोजतात आणि वर दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात, म्हणजे मार्ग चुकूनही कमी भरू नये. मॅरेथॉनमध्ये हा जादा भाग ४२ मीटर होतो. हजारो माणसांच्या गर्दीत ती आखूड वाट कोणालाच मिळत नाही, इतरांना वळसे घालत आणि पाण्याच्या टेबलांकडे वळत आपण खरोखरच जास्त धावतो. घड्याळाने ४२.६ किलोमीटर दाखवले तर त्यातल्या जादा अंतराचा मोठा हिस्सा आपल्या पायांचा असतो.

ज्यांना स्वतः तपासून पाहायचे आहे त्यांनी ४०० मीटरच्या ट्रॅकवर जावे. पहिल्या लेनमध्ये आतल्या कठड्यापासून ३० सेंटिमीटरवर एक फेरी नेमकी ४०० मीटर भरते आणि दुसऱ्या लेनमध्ये ४०७ मीटर, त्यामुळे पंचवीस फेऱ्या एकाच लेनमध्ये माराव्यात. घड्याळातला ट्रॅकचा खास मोड बंद करायला विसरू नये, नाहीतर ते आपल्याच ठोकताळ्याने फेऱ्या पूर्ण करून देते आणि परीक्षा वाया जाते. सुरू करण्यापूर्वी घड्याळ फोनशी जोडून उपग्रहांच्या जागांची ताजी माहिती घेऊ द्यावी आणि 'सिग्नल मिळाला' असे दिसल्यानंतरही मोकळ्या आकाशाखाली एक-दोन मिनिटे थांबावे. दोन घड्याळांची तुलना करायची असेल तर ती एकाच मनगटावर शेजारी बांधू नयेत, कारण एकाचा धातू दुसऱ्याच्या अँटेनाचा सूर बिघडवतो. दोन मनगटांवर बांधावीत आणि अर्ध्यात अदलाबदल करावी.

आणि शेवटी एकूण अंतराचा आकडा पाहण्याऐवजी नकाशावरची रेघ पाहावी. याचे कारण असे की सरळ रस्त्यावर जागेची चूक डावी-उजवीकडे हेलकावे देऊन अंतर वाढवते, तर वळणांवर घड्याळाचे गुळगुळीत करणारे गणित कोपरे कापून अंतर घटवते. या दोन चुका एकमेकींना फेडून टाकतात, आणि १० किलोमीटरचा आकडा अगदी बरोबर येऊनही रेघ मात्र ट्रॅकशेजारच्या गवतावरून आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून गेलेली असते. अशी रेघ देणारे घड्याळ अनोळखी मार्गावर भरवशाचे नसते. मी स्वतः एक स्टीलचे घड्याळ कितीतरी महिने उत्तम मानत होते, कारण त्याचे आठवड्याचे एकूण किलोमीटर माझ्या अंदाजाशी जुळत असत. ट्रॅकवरच्या पंचवीस फेऱ्या एकावर एक काढून पाहिल्या तेव्हा मला त्या पंचवीस वेगवेगळ्या वाटा दिसल्या. त्या घड्याळात दोष स्टीलचा नव्हता. त्यानंतर आणलेले दुसरे घड्याळही स्टीलच्याच बेझलचे आहे, आणि त्याच्या फेऱ्या दोरीच्या वेटोळ्यासारख्या एकावर एक बसतात.

एका गोष्टीची सूचना मात्र मी गटातल्या सगळ्यांना देत असते. घड्याळाला ओरखडे पडू नयेत म्हणून बाजारात धातूची जी संरक्षक कवचे मिळतात, ती धावताना काढून ठेवावीत. अभियंत्यांनी ज्या फटीला महिनोन्महिने सुरात लावलेले असते, नेमकी तीच फट असे कवच झाकून टाकते किंवा तिच्या दोन कडा एकमेकींना जोडून देते. धातूच्या साखळीचा पट्टाही धावताना बदललेला बरा. रबरी कवच चालते. थंडीत जॅकेटची कोरडी बाही घड्याळावर आली तरी बिघडत नाही, पण घामाने किंवा पावसाने चिंब झालेली बाही वर असू नये, कारण पाणी तेथेही आपले काम करतेच.

त्या मुलीने शेवटी दोन कंप्रतांचे पॉलिमरचे घड्याळ घेतले. टायटॅनियम वाईट आहे असे मी तिला सांगितले नव्हते. ते हलके आहे, गंजत नाही, घामाने काळवंडत नाही, आणि ज्याला ते आवडते त्याने त्या कारणांसाठी अवश्य घ्यावे. तिचे मनगट बारीक आहे, आणि जड घड्याळ तिच्या हातावर प्रत्येक पावलागणिक सरकते, त्यामुळे तिला हलके हवे होते. मागच्या रविवारी आम्ही दोघी विद्यापीठाच्या आवारातल्या वडांखालून धावलो आणि घरी आल्यावर तिने मला तिच्या वाटेचा नकाशा पाठवला. झाडांच्या दाटीत रेघ दोन ठिकाणी रस्त्याच्या कडेला सरकली होती आणि माझीही नेमकी त्याच दोन ठिकाणी सरकली होती, माझ्या हातावर स्टील असूनही.